हप्ते फिटले, गाडी नाही आली

आज एका रेल्वे स्टेशनाची गोष्ट सांगायची आहे. फलाट आहे, फलाटावर उतरायला जिना आहे, गाडीसाठी बोगदा आहे. सगळं बांधून शंभर वर्षं झाली, पण त्या फलाटाला आजवर एकही गाडी लागली नाही. गाडी बंद पडली असं नाही, ती सुरूच झाली नाही. आणि ज्या कर्जातून ते बांधलं, त्याचं व्याज मात्र वर्षानुवर्षं चालू राहिलं. तो हिशेब आम्ही परत आल्यावर गटाच्या बैठकीत सांगितला, तेव्हा बायकांनी असे प्रश्न विचारले की वाटलं, हे रेडिओवर सांगायलाच हवं.

आमची लेक आणि जावई अमेरिकेत ओहायो राज्यात सिनसिनाटी नावाच्या शहरात राहतात. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. एका शनिवारी लेक म्हणाली, "आई, आज तुम्हाला शहराच्या पोटात नेते." तिथे या बोगद्याला एरवी कुलूप असतं. त्या दिवशी माहीतगार माणसाबरोबर आत नेणार होते आणि जावईबापूंनी कधीपासून नावं लावून ठेवली होती. आम्ही दोघं, लेक, जावई आणि आठ वर्षांचा नातू, असे पाच जण निघालो. आमचे हे घरातून निघतानाच म्हणाले, "इतक्या लांब येऊन बघायचं काय, तर बंद पडलेलं बांधकाम. ते आपल्याकडे काय कमी आहे?" म्हटलं, चला तरी.

एका रुंद रस्त्याच्या मधोमध दार होतं. सेंट्रल पार्कवे असं त्या रस्त्याचं नाव. दोन्ही बाजूंनी मोटारी धावतायत आणि मध्ये जमिनीत उतरणारं लोखंडी दार. आत जाण्याआधी एका कागदावर सह्या घेतल्या, काही झालं तर जबाबदारी तुमची म्हणून. मग टॉर्च लावून पायऱ्या उतरलो. बाहेर ऊन होतं, खाली विहिरीत उतरावं तसा गारवा. धूळ अशी की पाऊल उमटावं. टॉर्च वर धरला तर काँक्रीटचं छत, लांब धरला तर काहीच नाही, नुसता अंधार. त्या स्टेशनाचं नाव रेस स्ट्रीट. मधोमध लांबच लांब फलाट आणि दोन्ही अंगांना गाडी जाण्याची जागा. खाली वाकून पाहिलं तर लाकडं आडवी टाकलेली. त्यांच्यावर रूळ बसवायचे होते, ते कधी आलेच नाहीत.

नातू फलाटाच्या कडेला उभा राहून म्हणाला, "आजी, गाडी कुठंय?" माहिती सांगणारे गृहस्थ वयस्कर होते. लेकीने त्यांना तो प्रश्न इंग्रजीत सांगितला, तेव्हा ते हसले. म्हणाले, इथे येणारा प्रत्येक लहान मुलगा हेच विचारतो.

आता ही गाडी का नाही आली ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. गोष्ट कालव्यापासून सुरू होते, तेव्हा आपल्याला ती परकी वाटणार नाही.

सिनसिनाटी हे ओहायो नदीच्या काठचं शहर. १८२५ साली तिथे एक कालवा खणायला घेतला, मायामी आणि ईरी कालवा. शेतीला पाणी देण्यासाठी तो नव्हता, मालाच्या नावा नेण्यासाठी होता. काठाच्या वाटेने खेचरं चालायची आणि दोरीने नाव ओढायची. वीस वर्षांत तो उत्तरेच्या मोठ्या ईरी सरोवरापर्यंत पोचला. धान्य, पीठ, डुकराचं मांस, दारू, सगळं त्यावरून जायचं. शहरात कालव्याच्या उत्तरेला जर्मनीहून आलेल्या लोकांची वस्ती वाढली. त्यांच्या देशातल्या नदीचं नाव ऱ्हाईन. लोक थट्टेने कालव्यालाच ऱ्हाईन म्हणू लागले आणि त्या वस्तीला 'ओव्हर द ऱ्हाईन', म्हणजे ऱ्हाईनपल्याडची वस्ती. आजही तेच नाव आहे. कालवा गेला, नाव राहिलं.

पुढे आगगाडी आली आणि खेचरांच्या नावांना कोण विचारतो? कालव्यात पाणी साचून राहू लागलं. हिवाळ्यात ते गोठलं की पोरं त्यावर घसरायला यायची, पण उन्हाळ्यात दुर्गंधी. येणारा जाणारा नाकाला पदर लावणार. आपल्याकडे गावच्या ओढ्यांचं जे झालं तेच. तेव्हा १८८४ सालीच तिथल्या एका सचित्र वर्तमानपत्राने कल्पना मांडली होती, की हा कालवा कोरडा करा, त्याच्या खोदात आगगाडी चालवा आणि वरून झाकून रुंद रस्ता करा. खणण्याचं अर्धं काम आयतं झालेलं आहे. विचार चांगलाच होता. काटकसरीचा होता.

शहराची अडचण खरी होती. १९१० च्या सुमारास साडेतीन लाखांवर लोक राहत होते. शहर टेकड्यांच्या मध्ये, रस्ते अरुंद, ट्रामगाड्या मुंगीच्या पावलांनी चालायच्या. बोस्टन शहराने १८९७ मध्ये, न्यूयॉर्कने १९०४ मध्ये भुयारी रेल्वे सुरू केली होती. मग आपण का मागे राहायचं? १९११ मध्ये राज्य सरकारने कालव्याची जागा शहराला भाड्याने देण्याचा कायदा केला. आराखडा झाला. शहराच्या मध्यातून निघून, कालव्याच्या वाटेने उत्तरेला जाऊन, उपनगरांना वळसा घालून गाडी परत मध्यात येणार. सुमारे सोळा मैलांचं कडं, म्हणजे पंचवीस किलोमीटरच्या थोडं वर.

पैसा कुठून आणायचा? महापालिकेने कर्जरोखे काढायचे ठरवले. कर्जरोखा म्हणजे, लोक महापालिकेला पैसे देतात, महापालिका त्यांना कागद देते, दरवर्षी व्याज देते आणि मुदत भरली की मुद्दल परत. ते फिटतं अर्थातच शहरातल्या लोकांच्या करातून. रक्कम होती ६० लाख डॉलर. एप्रिल १९१६ मध्ये यावर मतदान झालं आणि फार मोठ्या बहुमताने लोकांनी होकार दिला.

बैठकीत इथवर आलो तेव्हा आमच्या गटाच्या सचिव मध्येच म्हणाल्या, "मतदानाला बायका होत्या का?"

नव्हत्या, मैत्रिणींनो. ओहायोमध्ये तेव्हा बायकांना शाळा मंडळाच्या निवडणुकीपुरतं मत होतं, बाकी नाही. बायकांना पुरता मताधिकार द्यायचा का, हे तिथल्या पुरुषांना १९१२ मध्ये आणि पुन्हा १९१४ मध्ये मतदान घेऊन विचारलं होतं. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले. साऱ्या अमेरिकेत तो अधिकार आला ऑगस्ट १९२० मध्ये. म्हणजे कर्ज काढायचं का, हे पुरुषांनी ठरवलं. ट्रामची वाट बघत पोराला कडेवर घेऊन उभी राहणारी, कामाला पायी जाणारी, घरपट्टीचे पैसे डब्यात बाजूला काढून ठेवणारी बाई त्या ठरावात नव्हती. तिने हो म्हटलं असतं की नाही, कोण सांगणार? आम्हाला वाटतं, तिनेही होच म्हटलं असतं. गाडीची गरज तिला जास्त होती. पण विचारायला हवं होतं.

मत तर पडलं, पण काम लगेच सुरू झालं नाही. वर्षभरातच, एप्रिल १९१७ मध्ये, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. युद्धाच्या काळात सरकारने असल्या कामांसाठी पैसा उभारायला मनाई केली. सगळा पैसा, सगळं पोलाद युद्धाकडे. युद्ध संपलं, परवानगी मिळाली, पण तोवर भाव जवळपास दुप्पट झाले होते. ६० लाखांत जे कडं पूर्ण होणार होतं, ते आता अर्धंच होणार.

इथे गोष्टीचा खरा सांधा आहे, म्हणून जरा थांबतो. त्यांच्यापुढे वाटा कोणत्या होत्या? नव्याने हिशेब मांडून लोकांकडे परत जायचं, की हातात आहे तेवढ्यातून सुरू करायचं आणि पुढचं पुढे बघायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. आराखडा कापला, पूर्वेकडचा भाग गाळला, आणि जानेवारी १९२० मध्ये कोरड्या कालव्यात काम सुरू केलं.

काम मात्र पक्कं केलं. ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आमचे हे बांधकाम खात्यात नोकरीला होते, त्यांना ठोकून बघितल्याशिवाय राहवत नाही. बोगद्याच्या भिंतीवर त्यांनी बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "माल चांगला वापरलाय." त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी. दोन मैलांहून जास्त लांब असे जोडबोगदे, त्यात स्टेशनं, पुढे उघड्यावरचा मार्ग आणि तिथलीही स्टेशनं. सुरुंगांनी घरांच्या पायाला तडे गेले म्हणून काही घरमालक कोर्टातही गेले. काम रखडत नव्हतं, होत होतं. पण १९२५ च्या सुमारास पैसे संपले. रूळ नाहीत, डबे नाहीत, वीज नाही. ते सगळं घ्यायला आणखी लाखो डॉलर लागणार होते.

तोवर शहरात बरंच काही बदललं होतं. एक तर मोटारी. कर्जाला मत पडलं तेव्हा मोटार श्रीमंताघरची होती, दहा वर्षांत ती साध्या माणसाच्या दारात आली. दुसरं, राजकारण. शहरावर वर्षानुवर्षं एकाच टोळक्याचा ताबा होता. लोकांनी ते उलथवलं आणि १९२६ मध्ये मरे सीझनगुड नावाचे सुधारक महापौर झाले. शहराचा कारभार त्यांनी स्वच्छ केला असं म्हणतात. पण आधीच्यांच्या काळात नेमलेला रेल्वेचा आयोग आणि ते, यांचं जमलं नाही. जुन्यांनी सुरू केलेलं काम नव्यांना आपलं वाटेना. हे कुठे होत नाही?

बोगद्याच्या छतावर रस्ता तेवढा झाला. १९२८ मध्ये सेंट्रल पार्कवे थाटामाटात खुला झाला. ज्या रस्त्याच्या मधून आम्ही खाली उतरलो, तोच हा. वर्षभरात अमेरिकेत शेअर बाजार कोसळला, मंदी आली, लोकांना खायला मिळेना, तिथे भुयारी गाडी कोण मागतो? मग दुसरं महायुद्ध आलं. मग मोठमोठे मोटाररस्ते बांधायचं युग आलं आणि उघड्यावरच्या मार्गाची बरीच जागा त्या रस्त्यांनी घेतली, तिथली स्टेशनं पाडली. उरलं ते जमिनीखालचं.

माहिती सांगणारे गृहस्थ म्हणाले, लोकांना वाटतं की इथे पैसे खाल्ले म्हणून गाडी आली नाही. ते कारण सांगायला सोपं आहे. खरं म्हणजे युद्ध, महागाई, मोटार आणि ठराव करून मग वाट बघत बसणं, या सगळ्यांनी मिळून गाडी अडवली.

आता तुम्ही ज्याची वाट बघताय तो हिशेब. आमच्या बैठकीत सगळ्यात मागे बसणाऱ्या, कधी न बोलणाऱ्या मावशींनी तो विचारला. "बाई, पण त्यांचे हप्ते कोणी भरले?"

शहराने भरले. गाडी नाही, उत्पन्न नाही, तिकिटाचा एक पैसा नाही, पण देणं चालू. मंदीत चालू, महायुद्धात चालू. शेवटची फेड झाली १९६६ मध्ये. मत पडल्यापासून पन्नास वर्षांनी. मुद्दल ६० लाख डॉलर आणि व्याजासकट फेडले सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. ज्यांनी मत दिलं त्यातले कितीतरी तोवर गेलेही असतील. ज्या मुली तेव्हा पाळण्यात होत्या त्यांनी मोठ्या होऊन कर भरला.

मावशी म्हणाल्या, "दुपटीच्या वर गेलं की!" आणि सगळ्या बायका गप्प झाल्या. त्या का गप्प झाल्या ते आमच्या गटाला ठाऊक आहे. तुम्हालाही सांगतो, लाजायचं काय त्यात. आम्ही गटाने मसाला कांडप यंत्रासाठी कर्ज घेतलं होतं. यंत्र आलं, नारळ फोडला, फोटो काढला. पण थ्री फेज विजेची जोडणी काही मिळेना. अर्ज केला, पैसे भरले, चकरा मारल्या. यंत्र शेडमध्ये पोत्याखाली झाकून चौदा महिने पडून होतं आणि आम्ही दर महिन्याच्या दहा तारखेला हप्ता भरत होतो. कोणी शेळी विकली, कोणी मुलीच्या शाळेच्या सहलीचे पैसे वळवले. घरचे म्हणायचे, "तुमचं यंत्र झोपलंय का?" चूक आमचीही होती. जोडणी आधी आणि यंत्र मागून, हे ठरावात लिहायला हवं होतं, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. पंधराव्या महिन्यात वीज आली. आज कांडप चालतं, तीन गावांची मिरची आमच्याकडे येते. पण त्या चौदा हप्त्यांचा सल गेलेला नाही. त्यामुळे त्या अंधाऱ्या फलाटावर उभं राहून पन्नास वर्षांचा आकडा ऐकला, तेव्हा आम्हाला पोत्याखालचं यंत्रच दिसलं.

बोगदा मात्र अगदीच वाया गेला असं म्हणता येत नाही. थोडं पुढे गेल्यावर गृहस्थांनी टॉर्च फिरवला आणि एक प्रचंड नळ दाखवला. माणूस वाकून आतून जाईल एवढा जाड. शहराच्या पाण्याची मोठी पाइपलाइन १९५० च्या दशकात या बोगद्यातून नेली, वरचा रस्ता न खोदता. ज्या खोदातून आधी कालव्याचं पाणी वाहत होतं, तिथून आता नळाचं वाहतं. टेलिफोनच्या, इंटरनेटच्या तारांनाही इथे जागा मिळाली. आणि एक भयंकर उपयोग ठरला होता. १९६० च्या दशकात अमेरिका आणि रशियाचं वैर टोकाला गेलं होतं. अणुबॉम्ब पडला तर लोकांनी लपायचं कुठे? म्हणून पुढचं लिबर्टी स्ट्रीट नावाचं स्टेशन आसरा म्हणून तयार केलं, एकावर एक झोपायच्या खाटा वगैरे. सुदैवाने तिथे झोपायची वेळ कोणावर आली नाही. एका वाइन कंपनीला म्हणे इथे पिंपं ठेवायची होती, गारवा चांगला म्हणून. तेही जमलं नाही. कोणी म्हणालं दुकानं काढा, कोणी आणखी काही. कल्पनांना तोटा नव्हता.

"मग बुजवून का टाकत नाहीत?" हा प्रश्न आमच्या ह्यांचा. त्याचंही उत्तर हिशेबातच आहे. बोगद्याच्या छतावर मोठा रस्ता आहे, त्यामुळे बोगदा सांभाळावाच लागतो, छत खचून चालणार नाही. काही वर्षांपूर्वी शहराने खर्च काढून पाहिला. पाच वर्षं नुसती डागडुजी करत राहायची तर २५-२६ लाख डॉलर. बुजवायचं तर सुमारे १ कोटी ९० लाख. आणि गाडीसाठी तयार करायचं तर १० कोटींच्या वर, शिवाय ती पाण्याची पाइपलाइन हलवायचा खर्च निराळा. म्हणजे बुजवणं बांधण्यापेक्षा महाग! अर्थात तेव्हाचा डॉलर आणि आताचा डॉलर एक नव्हे, पण ऐकून हसू आलं खरं. त्यामुळे डागडुजी चालू आहे.

त्या शहराने पुन्हा प्रयत्न केलाच नाही असंही नाही. २००२ मध्ये नव्या रेल्वेमार्गांसाठी विक्रीकर वाढवायचा का, असं मतदान झालं. योजनेत या जुन्या बोगद्याचाही विचार होता. या वेळी बायका अर्थातच मतदानाला होत्या. लोकांनी दोनास एक अशा फरकाने नाही म्हटलं. लेकीने ते सांगितलं तेव्हा आम्ही म्हटलं, दुधाने तोंड पोळलेलं असणार. जावई म्हणाले, "तसं नाही, आई. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांना गरज वाटत नाही आणि ज्यांच्याकडे नाही त्यांची संख्या कमी." दोन्ही खरं असेल. २०१६ मध्ये रस्त्यावरून चालणारी छोटी ट्राम मात्र सुरू झाली. शहराच्या मध्यापासून ऱ्हाईनपल्याडच्या वस्तीपर्यंत जाऊन फिरून येते. वाटेत ती सेंट्रल पार्कवे ओलांडते, म्हणजे त्या रिकाम्या बोगद्याच्या डोक्यावरूनच.

तास-दीड तास आम्ही खाली होतो. निघताना गृहस्थांनी सगळ्यांना टॉर्च विझवायला सांगितले. एकदम काळोख. कोणी बोलेना. वरून मोटारींची घरघर तेवढी ऐकू येत होती, लांबून आगगाडी येते आहे असं वाटावं तशी. नातवाने हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "आली का?"

मग टॉर्च लागले आणि आम्ही जिना चढून उन्हात आलो. मागे दाराला कुलूप लागलं. चपलांना पांढरी धूळ लागली होती, ती झटकत आमचे हे म्हणाले, "त्या लाकडांवर रूळ टाकायला किती दिवस लागले असते, सांग बघू?" घरी पोचेपर्यंत ते आणि जावईबापू त्याचाच हिशेब करत होते.